गव्हाणीवरचा मान

दावणीला बांधलेल्या गायीची शेजारीण मालक ठरवतो. दावं सुटलं की हा अधिकार गायींकडे जातो. महाराष्ट्रात मुक्त संचार गोठे वाढले, तसे बांधण्या-सोडण्याचे आणि पाणी पाजण्याचे कष्ट कमी झाले. पण गोठेवाल्याच्या अंगावर गट पाडण्याचं नवं काम आलं. जादा दुधाच्या एकीकडे, भाकड दुसरीकडे. गाय हलवायला फाटक उघडलं की झालं, असं वाटतं.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी फाटकानंतरचं पाहिलं. त्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. आधीपासून एकत्र राहणाऱ्या गटात त्यांनी एकेक परकी गाय सोडली. पहिल्याच दिवशी गव्हाणीवरून तिला हुसकलं जाण्याचं प्रमाण सुमारे अडीचपट झालं. ती कमी बसली. दूध ४३ किलोच्या वरून ४० च्या खाली आलं. हिशेबवाल्याचं लक्ष दुधावर जाईल, पण अनुभवी गोठेवाला दुसरीच नोंद आधी वाचेल: गायींचं एकमेकींना चाटणंही घटलं होतं.

जुन्या कळपात मानाची उतरंड ठरलेली असते. वरचढ गायीनं मान वळवली तरी खालची बाजूला सरकते, शिंगापर्यंत गोष्ट जात नाही. नवखीला मात्र प्रत्येकीशी नव्यानं ठरवावं लागतं, आणि तेही ढुशा खाऊन.

यात पहिलारूचे हाल सर्वात जास्त. वजनानं हलकी, अनुभवानं कच्ची. थोरल्या खाऊन हटल्यावर तिला जागा मिळते, तोवर कुट्टीतला खुराक वेचून गेलेला असतो. गव्हाण भरलेली दिसते म्हणून मालक निश्चिंत, आणि ती रोडावत जाते! अशा वेळी आहार कमी पडला असं म्हणून पेंड वाढवणारे पुष्कळ भेटतात. वाढलेली पेंडही दांडग्याच खातात.

उपाय महागडे नाहीत. एकटी पहिलारू सोडण्यापेक्षा ओळखीची जोडी सोडावी. गव्हाणीवर डोकी अडकवायच्या चौकटी असल्या तर ढकलाढकली कमी होते. जिथून मागे फिरता येत नाही असा कोपरा गोठ्यात ठेवू नये. चारा टाकल्यावरचा पहिला तास कुणीतरी तिथं उभं राहून कोण खातंय, कोण नुसतं उभं आहे हे पाहावं. आणि विण्याच्या तोंडावर आलेल्या गायीचा गट, निव्वळ आपल्या सोयीसाठी, बदलू नये.