बेअरिंग काढताना

स्टर्नड्राइव्हमधून घरघर यायला लागली की बेअरिंग गेलं, बदला, असा निर्णय झटक्यात होतो, आणि जुनं बेअरिंग बाहेरही तेवढ्याच झटक्यात निघतं. छिन्नी लावायची, हातोडा हाणायचा. तुकडे झाले तर झाले, नाहीतरी भंगारातच जायचंय. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. जुनं बेअरिंग काढताना हात असा चालावा की तेच परत बसवायचंय. बसवायचं नसतंच, पण ते का गेलं याचा बराचसा पुरावा त्याच्या अंगावर असतो, आणि तो घाईत काढतानाच पुसला जातो. कारण हाती लागलं नाही तर नवं बेअरिंग जुन्याच्याच वाटेनं जातं, मग ते कितीही भारी कंपनीचं असो.

मुळात ही रचनाच जरा हट्टी आहे. इंजिन बोटीच्या आत, ट्रान्समला म्हणजे मागच्या उभ्या भिंतीला लागून. गिअर आणि पंखा मात्र भिंतीबाहेर पाण्यात लोंबणाऱ्या पायात. व्होल्व्हो पेंटानं १९५९ साली ‘अ‍ॅक्वामॅटिक’ बाजारात आणला, १९६१ मध्ये मर्क्रुझर आला, आणि हौशी बोटींमध्ये हा प्रकार रुळला. हा पाय सुकाणूचंही काम करतो. तो डावीउजवीकडे वळतो, उथळ पाण्यात वर उचलला जातो. म्हणून इंजिनातून येणारा शाफ्ट भिंतीपाशी वाकता ठेवावा लागतो. तिथे क्रॉसचे जॉइंट, शाफ्टला आधार देणारं गिंबल बेअरिंग आणि त्या जॉइंटभोवती घड्यांचा रबरी बेलो. बेलोच्या आत कोरडं, बाहेर समुद्र, मध्ये काही मिलिमीटर रबर. आपल्याकडच्या ट्रॉलरवर हात बसलेल्या मिस्त्रीला इथे सवयी बदलाव्या लागतात. ट्रॉलरचा शाफ्ट सरळ असतो. स्टर्न ट्यूबमध्ये रबरी बेअरिंग असेल तर समुद्राचं पाणीच त्याचं वंगण होतं, आणि पॅकिंगच्या ग्लँडमधून थेंब थेंब पडलेलं चांगलंच मानतात. स्टर्नड्राइव्हमध्ये आत शिरलेला थेंब हीच दुखण्याची सुरुवात असते.

गिंबल बेअरिंगचंच बघा. इंजिन चालू असलं की शाफ्ट फिरतो, म्हणून त्याची घरघर न्यूट्रलमध्येही ऐकू येते. ड्राइव्ह उतरवला की ते समोर दिसतं, आणि आत जबडे अडकवून स्लाइड हॅमरचे दोन-चार झटके दिले की बाहेर येतं. पण त्या आधी बाहेरच्या रेसवर, म्हणजे छर्रे ज्यावरून धावतात त्या वर्तुळावर, नेमका वरच्या बाजूला पेंटचा एक ठिपका द्यावा. फुकटचं काम आहे, तरी फार थोडे लोक करतात. इथे बाहेरची रेस स्थिर असते आणि आतली शाफ्टबरोबर फिरते. त्यामुळे इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत नसतील आणि भार सतत एकाच दिशेनं पडत असेल, तर बाहेरच्या रेसवर छर्ऱ्यांची वाट एका कमानीत खोल आणि चकचकीत दिसते, बाकी वर्तुळात पुसट. कमान वर होती की खाली, डावीकडे होती की उजवीकडे, हे ठिपक्याशिवाय कळत नाही. गंज फक्त खालच्या अर्ध्यात असेल तर पाणी साचून उभं राहिलं होतं, मग बेलोच्या घड्या उलगडून चीर शोधायची, क्लॅम्प तपासायचे. गंज नाही, पण ग्रीस वाळून काळं पडलंय, तर गोष्टच वेगळी. ज्या जातीत बाहेरच्या निपलमधून ग्रीस जातं, तिथे बेअरिंगभोवतीच्या कड्याची फट ग्रीसच्या वाटेसमोर असावी लागते; मागच्या कारागिरानं ती फिरवून बसवली असेल तर मालक इमानानं ग्रीस मारतोय आणि बेअरिंग उपाशी. म्हणून हे सगळं बेअरिंग जागेवर असतानाच बघून, खुणावून ठेवायचं. बाहेर येऊन बाकावर पडलं की तो नुसता गंजलेला गोळा.

आत, गिअरच्या घरात, टेपर रोलरची बेअरिंगं असतात आणि तिथे पुरावा अधिक बारीक असतो. ऑइलमध्ये पाणी शिरून बोट महिनाभर उभी राहिली, तर रोलर जिथे टेकलेले असतात तिथेच पाणी धरून राहतं आणि रेसवर रोलरच्या अंतरानं काळे आडवे पट्टे उमटतात. आता गंमत अशी, की हातोड्याचा घाव रोलरमधून रेसवर गेला तरी खळगे त्याच अंतरानं उमटतात. फरक भिंगाखाली कळतो. घावानं पडलेल्या खळग्याच्या तळाशी कारखान्यातल्या ग्राइंडिंगच्या बारीक रेषा शाबूत असतात, कारण धातू नुसता दबलेला असतो; पाण्यानं खाल्लेल्या जागी त्या रेषा उरतच नाहीत. म्हणजे ओळख पटवता येते. पण काढताना आपणच पंधरा घाव घातले असतील, तर पडलेल्या खळग्यांपैकी आपले कोणते आणि मागच्या कारागिरानं बसवताना पाडलेले कोणते, हे सांगायला तीच खूण उपयोगाची राहत नाही, कारण दोन्हींत रेषा शाबूतच.

यावर धंद्यातला माणूस म्हणेल, हे प्रयोगशाळेत ठीक आहे. मालकाला शनिवारी बोट हवी असते आणि वेळेचे पैसे कोणी देत नाही. आक्षेप खरा आहे. पण ठिपका देणं, भिंगातून बघणं, दोन फोटो काढणं, या सगळ्याला चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागतो. वेळ खाणारं काम म्हणजे ड्राइव्ह उतरवणं आणि चढवणं, आणि कारण चुकलं तर तेच दुसऱ्यांदा करावं लागतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेला ड्राइव्ह हळुवारपणे उघडतच नाही. इथे मी अर्धी माघार घेतो. पंख्याच्या शाफ्टचा कॅरिअर अ‍ॅल्युमिनियमच्या घरात पांढऱ्या क्षारानं असा धरतो की शेवटी काहीतरी तोडावं लागतंच. कॅरिअरही अ‍ॅल्युमिनियमचाच असेल तर सावकाश तापवून फायदा नाही, दोन्ही सारखेच फुगतात. बाहेरून भरभर तापवलं तरच फट पडते. पोलादी रेसची गोष्ट वेगळी. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ६० मिलिमीटरचं घर ३० अंशांवरून ११० अंशांपर्यंत नेलं तर त्याचं भोक सुमारे ०.११ मिलिमीटरनं मोठं होतं, रेस तेवढीच तापली तरी ०.०६ नं. उरलेली ०.०५ मिलिमीटरची सूट बहुतेक वेळा पुरते, आणि रेस स्वतःच्या वजनानं खाली पडते. मात्र ओ-रिंग आणि सील आधी काढलेले हवेत, आणि ज्योत एका जागी धरायची नाही. हीट गन किंवा भट्टी बरी. मागून ठोकायला जागाच नसलेल्या बंद भोकात अडकलेली रेस असेल, तर तिच्या आतल्या अंगावर वेल्डिंगची एक रेघ ओढतात. पोलाद थंड होताना आवळतं आणि रेस बांगडीसारखी हातात येते. अर्थिंग मात्र त्या रेसजवळच लावायचं. करंट दुसऱ्या बेअरिंगमधून गेला तर एक सोडवताना दुसरं गेलं. या वाटेनं पुरावा जळतो, हे मान्य. म्हणून रेघ ओढण्याआधी बघून घ्यायचं.

तिसरा आक्षेप नव्या पिढीचा: कारण शोधायचंच कशाला, पूर्ण किट टाका, सगळी बेअरिंगं आणि सगळे सील नवे. किट टाकायला माझी ना नाही. सील तर दरवेळी नवेच हवेत. पण इंजिनाचं माउंट खाली बसलं असेल तर ते किटमध्ये येत नाही. त्यासाठी अलाइनमेंट बारच लागतो. ग्रीस लावलेला बार गिंबल बेअरिंगमधून इंजिनाच्या कपलरमध्ये दोन बोटांच्या जोरानं सरकला पाहिजे; अडला तर पुढची माउंटं वरखाली करायची, आणि बारवरच्या ग्रीसमध्ये स्प्लाइनचे ठसे चारही बाजूंना सारखे येईपर्यंत थांबायचं नाही. शिमचं, म्हणजे अंतर जुळवायच्या पातळ चकत्यांचंही तसंच. नवं बेअरिंग जुन्याच्या मापाचं असलं तरी शतांश मिलिमीटरच्या हिशेबात जुळेलच असं नाही, म्हणून जुने शिम तसेच परत टाकणं हा नशिबावरचा विश्वास झाला. प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर आधीच दिलेला ताण, मोजायचा तो शाफ्ट संथ फिरवताना इंच-पौंडाच्या टॉर्क पान्यावर. तो कमी पडला तर पिनियन भाराखाली मागे सरकतो, जास्त झाला तर बेअरिंग स्वतःच्याच उष्णतेनं मरतं. ‘हाताला घट्ट लागतंय’ हे माप नव्हे. मीही त्यावर भरवसा ठेवत नाही.

बसवण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण नियम एकच आहे: जी रेस घट्ट बसते तिच्यावरच जोर द्यायचा, रोलरमधून कधीच नाही. तिथेही जुनी रेस कामी येते. तिला ग्राइंडरनं एक चीर पाडली की ती भोकात अडकत नाही, आणि नव्या रेसला मागून सरळ ढकलायला तिच्याइतकं नेमक्या मापाचं हत्यार बाजारात मिळत नाही.

ऑइल भरण्याआधी ड्राइव्हमध्ये हवेचा दाब देतात आणि काटा पडतो का बघतात. अनेक जण इथेच थांबतात. पंख्याच्या शाफ्टवर दोन सील पाठीला पाठ लावून असतात, एकाचा ओठ आत ऑइलकडे, दुसऱ्याचा बाहेर पाण्याकडे. आतून दाब दिला की आतल्या सीलचा ओठ शाफ्टवर आणखी आवळतो, म्हणजे बाहेरच्या सीलची परीक्षा होतच नाही. तीच हवा ओढून निर्वात केलं की पाणी अडवणारा ओठ कामाला लागतो. जुन्या बेअरिंगवर पाण्याचे पट्टे सापडले असतील, तर ही दुसरी चाचणी केल्याशिवाय मी बोट पाण्यात सोडू देत नाही.