वय झाले म्हणून

काशी हे पायऱ्यांचे शहर आहे. गंगेच्या पश्चिम तीरावर घाटांची रांग, आणि त्यांच्या मागे अरुंद जिन्यांची जुनी घरे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या मराठी कुटुंबांपैकीच आमचे एक. अशा घरात वार्धक्य प्रथम प्रकट होते ते जिन्यावर. मग ते माणसाचे असो की कुत्र्याचे.

आमचा भैरू बाराव्या वर्षात आहे. काशीचा कोतवाल जो काळभैरव, त्याचे वाहन कुत्रा. त्यावरून हे नाव. गेल्या हिवाळ्यात तो जिन्यापाशी येऊन थबकू लागला. सकाळी उठताना मागचे पाय ताठलेले असत, थोडे चालल्यावर किंचित मोकळे होत. कमरेला हात लागताच तो गुरगुरे. “वय झाले त्याचे, आता काय करायचे?” असे शेजारची जाणती मंडळी म्हणत. परंतु वय हा काही रोग नव्हे. पशुवैद्यांनी तपासून निदान केले ते संधिवाताचे. सांध्यांतील कूर्चा झिजली की हालचाल दुखरी होते. मुका जीव विव्हळत नाही. तो केवळ चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की स्नायू क्षीण होतात आणि सांधे अधिकच दुबळे पडतात.

पहिला उपाय वजनाचा. गल्लीच्या लाडाने, कचोरी-जिलबीवर, भैरू स्थूल झाला होता. अमेरिकेत लॅब्राडॉर जातीच्या ४८ कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना जोडीदारापेक्षा पाव हिस्सा अन्न कमी दिले, ते साधारणतः पावणेदोन वर्षे अधिक जगले, आणि त्यांना संधिवाताचा त्रासही उशिरा झाला. म्हणून आम्ही गल्लीला हात जोडले आणि घरचे खाणे मोजून देऊ लागलो.

बाकीचे उपाय साधे आहेत. गुळगुळीत फरशीवर तरट अंथरावे, नखे वेळेवर कापावीत. पौषातील थंडीत निजायला गोधडीची जाड घडी द्यावी. एकदाच लांब फिरवण्याऐवजी सपाट जागी थोडेथोडे, पण रोज फिरवावे. जिना चढताना पोटाखालून पंच्याची झोळी करून मागचा भार आपण उचलावा.

एक इशारा मात्र ध्यानी ठेवावा. माणसांची वेदनाशामक औषधे कुत्र्याला कधीही देऊ नयेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी त्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्याच्यासाठी निराळी औषधे आहेत, ती पशुवैद्यांनी रक्त तपासून, वजनानुसार ठरवावयाची असतात.

हा रोग बरा होत नाही, हे आम्हांला स्पष्ट सांगण्यात आले आहे. “एवढे करून मिळणार किती दिवस?” असे एका आप्तांनी विचारले. दिवस किती, हे आमच्या हाती नाही. ते वेदनेत जावेत की नाही, हे पुष्कळसे आहे. भैरू आता सकाळी आपल्या पायांनी ओट्यापर्यंत येतो आणि उन्हात बसतो. त्याने खाणे टाकले, उठणेच नको म्हटले, तर पुढचा कठीण निर्णयही त्याच्या सुखाकडे पाहूनच घ्यायचा, असे घरात ठरले आहे.

आपल्या घरी असा वृद्ध सोबती असेल, तर उद्या सकाळी तो उठतो कसा, हे जरा लक्ष देऊन पाहावे.