शेणाचा रकाना

आमच्या घरात दूध तापण्याआधी मी तापतो, असे सौ.चे म्हणणे आहे. पिशवीवरचा भाव दोन रुपयांनी वाढला, की वर्तमानपत्राची घडी मोडायच्या आत माझे भाषण सुरू होते. उभे आयुष्य बँकेत खतावण्या लिहिण्यात गेले. त्यामुळे प्रत्येक भाववाढीमागे कोणीतरी लबाड दडलेला आहे, अशी माझी ठाम समजूत. दुधाच्या बाबतीत हा लबाड म्हणजे कोणीतरी गाईवाला असणार, असे मी धरून चाललो होतो. माझा सख्खा थोरला भाऊ गाईवालाच आहे, ही गोष्ट त्या वेळी माझ्या ध्यानातही येत नसे!

दादा संगमनेरजवळच्या आमच्या गावी राहतो. चार एकर जमीन आणि चार संकरित गाई. २०२३ च्या दिवाळीआधी त्याचा फोन आला. "वसुबारसेला ये. आणि येताना वही घेऊन ये. गाई ठेवायच्या का विकायच्या, हे तू हिशोब करून सांग. तू म्हणशील तसं करतो."

दादाने आजवर मला कधी काही विचारले नव्हते. विहीर खोदताना नाही, मुलीचे लग्न ठरवताना नाही. त्यामुळे मी जरा फुगूनच एस.टी.त बसलो.

शहरात आमची वसुबारस म्हणजे पाटावर मांडलेली मातीची गाय-वासरे. गावी वहिनींनी गोठ्यातल्या खऱ्या गाईच्या पायावर पाणी घातले, कुंकू लावले, वासराला बाजरीचा घास दिला. गाय मात्र माझ्या हातातल्या वहीकडे संशयाने पाहत होती, असे मला उगीचच वाटले.

रात्री बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी जेवताना मी दादाला एक उपदेशही करून घेतला. हल्ली आमच्याकडे सेंद्रिय भाजी येते, तिच्या पिशवीवर पुष्कळ मजकूर छापलेला असतो आणि तो मी वाचतो. मी म्हणालो, "दादा, तू युरिया बंद कर. जमिनीची माती होते त्याने."

"जमिनीची मातीच असते रे," दादा शांतपणे म्हणाला. "आणि गाई विकल्यावर सेंद्रिय कशातनं आणू? तुझ्या भाषणातनं?"

मी निमूटपणे वही उघडली.

एक गाय धरली. रोजचे दूध १२ लिटर. संकलन केंद्रावर तेव्हा मिळणारा दर २७ रुपये, म्हणजे ३२४ रुपये जमा. खर्चात गोळी पेंड ५ किलो, १७५ रुपये. मुरघास १५ किलो, ९० रुपये. औषध, रेतन, खनिज मिश्रण मिळून रोजचे २० रुपये. उरले ३९. गाय वर्षातून दोन महिने आटते. त्या काळात दूध नाही, पण दावण चालूच. ते वजा जाता वर्षाकाठी एका गाईमागे अडीच-तीन हजार. त्यातून गाईसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज दिले, की शिल्लक शून्याच्या खाली.

गंमत अशी, की त्याच वर्षी जुलैमध्ये राज्य सरकारने ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गाईच्या दुधाला लिटरमागे ३४ रुपये दर ठरवून दिला होता. तो टिकता, तर हीच गाय रोज १२३ रुपये मागे टाकती. पण विकून उरलेल्या दुधाची भुकटी करतात, भुकटीचा भाव पडला की संकलनाचा दर कोसळतो, आणि ठरवून दिलेला दर कागदावर राहतो. मी पुण्यात पन्नाशीच्या वर मोजीत होतो आणि दादाच्या हातावर २७ पडत होते. माझा तो लबाड माझ्याच ताटाशेजारी बसून भाकरी मोडत होता!

मी पेन्सिल ठेवली आणि म्हणालो, "दादा, विकून टाक."

दादाने मान हलवली. वहिनी चुलीपाशी होत्या. त्या हात पुसत आल्या आणि वहीत डोकावल्या.

"भावजी, यात शेण कुठं लिहिलंय?"

खरेच की! जमेला नुसते दूध होते. मी शेणाचा रकाना आखला. चार गाईंचे रोजचे साठ किलो, वर्षाचे बावीस टन, कुजल्यावर निम्मे, म्हणजे अकरा टन खत. चांगल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र असते, हे मला ठाऊक होते. म्हणजे ५५ किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के. म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे वीस किलो. चार गाईंच्या वर्षभराच्या शेणाची किंमत झाली जेमतेम पावणेतीन गोण्या युरिया! गोणी साधारण २६६ रुपयांना. एकूण सव्वासातशेच्या आसपास.

मी आकडा विजयी मुद्रेने वाचून दाखवला. वहिनी काही बोलल्या नाहीत. दादा मात्र हसला. म्हणाला, "सातशे रुपयांत मला अकरा टन शेणखत आणून दे. गावात एका ट्रॉलीला सहा हजार पडतात, आणि तरी मिळत नाही."

एका ट्रॉलीत तीनेक टन. म्हणजे साडेतीन ट्रॉल्यांचे २१ हजार! बाजाराला जे कळत होते, ते माझ्या खतावणीला कळले नव्हते. युरियाची गोणी स्वस्त दिसते, कारण तिच्या खऱ्या किमतीचा मोठा वाटा सरकार भरते. शेणाला अनुदान नाही. त्याचा भाव गरजेने ठरतो.

सकाळी दादाने मला दोन वावरे दाखवली. एक आमचे, दुसरे त्याने वाट्याने घेतलेले, ज्यात वर्षानुवर्षे फक्त गोणीचे खत पडले होते. दोन्हींना एकाच दिवशी पाणी दिलेले. आमच्या वावरात कुदळ लोण्यात जावी तशी गेली. माती हातात घेतली तर भुसभुशीत, ओलसर, आणि तिच्यात गांडूळ वळवळत होते. पलीकडे कुदळ ठणकन वाजली. वरचा थर पापुद्र्यासारखा निघाला.

"युरिया म्हणजे चहा," दादा म्हणाला. "तरतरी येते. मीही देतो, माती तपासून, थोडा-थोडा, पिकाला लागेल तेव्हा. पण जेवणाऐवजी चहावर माणूस किती दिवस काढील? जेवण शेणखताचं."

हेच तो चाऱ्याबद्दलही म्हणाला. शेणखत कमी पडले म्हणून मक्यावर युरियाचा मारा केला, आणि वर पावसाने ताण दिला, तर चाऱ्यात नायट्रेट साठते. जनावर खाते आणि धापा टाकू लागते. आदल्या उन्हाळ्यात त्याची एक गाय त्यातून कशीबशी वाचली होती. खताची चूक फिरून गोठ्यातच येते, ती अशी.

पण सगळे शेण म्हणजे सोने नव्हे. उघड्यावर पडलेल्या उकिरड्यातले नत्र ऊन खाते आणि पाऊस धुऊन नेतो. कच्चे शेण वावरात टाकले, तर त्यातून तण येते आणि हुमणीची अळी माजते. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला होता. शेण, काडीकचरा आणि माती यांचे थर रचून खत कुजवण्याची त्याची पद्धत पुढे 'इंदूर पद्धत' म्हणूनच जगभर गेली. आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी जाळीदार विटांची टाकी बसवली. तिच्यात काडीकचरा भरपूर लागतो आणि शेण अगदी थोडे. लिंपून बंद केली की तीन-चार महिन्यांत खत तयार. त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. पांढरीपांड्यांनी ते काम चार महिन्यांवर आणले!

दुपारी मी पुन्हा वही उघडली. शेणाचे २१ हजार जमेला धरले, तर चारही गाई कशाबशा तरल्या. पण शेणाने व्याजाचा हप्ता भरता येत नाही. त्याला रोख लागते. हे दादालाही ठाऊक होते आणि मलाही. शेवटी दोन गाई विकायच्या, त्यातून कर्ज फेडायचे, दोन ठेवायच्या आणि थोड्या शेणात भागावे म्हणून नाडेपची टाकी बांधायची, असे ठरले. पाडव्याला वहिनींनी अंगणात शेणाचे पांडव मांडले. त्या दोन गाई त्यानंतर गेल्या. नेणारा आला तेव्हा वहिनी पाणी आणायला म्हणून विहिरीवर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत, असे दादाने फोनवर सांगितले.

पुढे जानेवारी २०२४ पासून सरकारने लिटरमागे ५ रुपये अनुदान देऊ केले, कानात बिल्ला असलेल्या गाईंच्या दुधाला. विकलेल्या दोन्ही गाईंच्या कानांत बिल्ले होते.

२०२४ च्या वसुबारसेला मी पुन्हा गेलो. टाकी भरलेली होती. वही गोठ्यातल्या खुंटीला टांगलेली होती. वहिनींनी शेणाचा रकाना वर्षभर भरला होता. त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा बरे आहे. पाने चाळताना मात्र मला एक गोष्ट खटकली. पहाटे चारला उठून धार काढणे, शेण काढणे, वैरण टाकणे, संध्याकाळी पुन्हा तेच. ना रविवार, ना दिवाळी. याचा रकाना मी आखला नव्हता आणि वहिनींनीही मागितला नव्हता.

मी पट्टी घेतली आणि तो आखला. वर 'वहिनी' असे लिहिले. त्या वाचून हसल्या. म्हणाल्या, "यात काय भरायचं, भावजी?"

पिशवीचा भाव त्यानंतरही वाढला आहे. मी अजून तापतो, पण भाषण पूर्वीइतके लांबत नाही. मध्येच तो रकाना आठवतो. आकडा मला अजून सुचलेला नाही.