किल्ली कुणाकडे?

"अगं, हा पासवर्ड मागतोय." आईचा फोन आला तेव्हा मी प्रवासात होते. वीज जाऊन आली होती आणि घरचा कॉम्प्युटर सुरू होता होता कुलूपबंद डिस्कच्या दारात थांबला होता. बाबांच्या वर्षश्राद्धाला ठेवायचा फोटो आत होता. बावीस अक्षरांचा पासफ्रेज मी तिला एकेक अक्षर करून सांगितला. घरी परतले तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, तिच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेला दिसला.

चूक तिची नव्हती. कुलूप घरच्याच माणसाला अडवू लागलं, की किल्ली उघड्यावर येते. डिस्क आपोआप उघडेल अशी सोय करायचं मी त्याच दिवशी ठरवलं.

लिनक्सवरची लक्स ही पद्धत क्लेमेन्स फ्रुह्विर्थ यांनी 2004 च्या सुमारास घडवली. तिच्यात आपल्या फायली पासफ्रेजने कुलूपबंद होत नाहीत. संगणकाने स्वतः तयार केलेल्या एका किल्लीने होतात. पासफ्रेज उघडतो ती फक्त त्या किल्लीची पेटी. लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत अशा 32 पेट्या मावतात. प्रत्येकीत किल्ली तीच, कुलूप मात्र वेगळं. त्यामुळे सगळी डिस्क पुन्हा एन्क्रिप्ट न करता नवी पेटी जोडता येते, जुनी काढून टाकता येते.

पण नव्या पेटीची किल्ली ठेवायची कुठे? बूटचा भाग उघडा असतो; तिथे ठेवणं म्हणजे दाराशेजारच्या खिळ्याला टांगणं. लहानपणी आमच्या घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे असे. त्या चेहरा पाहून किल्ली देत. मदरबोर्डवरची टीपीएम चिप त्यांच्यासारखीच. 2021 पासून लिनक्स सुरू करणाऱ्या सिस्टमडीमध्ये तिच्यासाठी सोय आहे. मी एका कमांडने चिपची पेटी जोडली, कुलूपबंद डिस्कची यादी असलेल्या क्रिप्टटॅब फायलीतल्या ओळीत टीपीएमची नोंद केली, सुरुवातीला लोड होणारा इनिटरामएफएस नव्याने तयार केला. आता सुरुवातीला सेक्युअर बूटची स्थिती नोंदवल्यासारखीच असेल, तरच चिप किल्ली सोडते.

शेवटचं एंटर दाबण्याआधी मात्र हात थांबला. नुसती डिस्क काढून नेली तर चोराला काही मिळणार नाही. पण अख्खा कॉम्प्युटरच नेला, तर डिस्क त्याच्यासमोरही आपोआप उघडेल आणि मध्ये उरेल फक्त लॉगिनचा पासवर्ड. मला भीती नेमकी कशाची आहे? दुरुस्तीला दिलेली किंवा भंगारात गेलेली डिस्क कुणी वाचेल, याची. प्रवासात सोबत असणाऱ्या लॅपटॉपवर मी ही सोय केली नाही. तिथे रोज टाइप करण्याचा त्रास मला मान्य आहे. घरात आईची अडचण मला जास्त मोठी वाटली.

चिपही कधी तरी नकार देईल. मदरबोर्ड बदलला तर नक्कीच. म्हणून नवा पासफ्रेज ठरवून त्याचीही पेटी ठेवली, तो कागदावर लिहिला आणि पाकीट आईच्या हाती दिलं. तिने ते कपाटात, बाबांच्या घड्याळाच्या डबीखाली ठेवलं. मग मी जुन्या पासफ्रेजची पेटी पुसून टाकली.

कॅलेंडरवरची ती बावीस अक्षरं अजून तशीच आहेत. त्यांनी आता काहीच उघडत नाही.