तळातून दिसणारा समुद्र

गुलामांच्या गलबतावर कादंबरी लिहायला घेतली की पहिला धोका समुद्राकडूनच असतो. वादळ, फाटलेलं शीड, मागावर असलेली आरमारी बोट एवढं जमलं की पानं भराभर उलटतात आणि विकायला नेलेली माणसं कोपऱ्यातल्या मालासारखी पडून राहतात.

रत्नागिरीत बसून लिहिणाऱ्याला हा मोह जास्तच. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर एखाद्या म्हाताऱ्या तांडेलाला ‘चाचा, शिडाच्या दिवसांतलं सांगा’ म्हणायचा अवकाश, परबाण कसं फिरवायचं, दामण कधी सैल सोडायची, सगळं हातवाऱ्यांसकट उभं राहतं. माझ्या वह्या त्यानंच भरल्यात. पण माझा नायक न्यासा सरोवराकडून किनाऱ्यापर्यंत पायी चालवत आणलेला याओ जमातीचा लहानगा मुलगा आहे. त्यानं समुद्र कधी पाहिलेलाच नाही. त्यामुळे त्याच्या प्रकरणांत परबाणही नाही आणि दामणही नाही.

झांजिबारहून निघणाऱ्या बगल्यांना अटलांटिकवरच्या जहाजांसारखे मजले नसत. माणसं तळाच्या दगडांवर किंवा बांबूच्या तात्पुरत्या माच्यांवर दाटीनं बसवत. वारा फिरलेला सुकाणूवाल्याला शिडावरून कळतो. माझ्या मुलाला तो कळतो तळाचं साचलेलं पाणी एका कुशीकडून दुसऱ्या कुशीखाली सरकतं तेव्हा. रात्री ते पाणी गार असतं, दुपारी त्याला वास येतो. चाचांची सगळी विद्या मी या पाण्यात उतरवली आहे. बगला कुठे कलंडेल, किती कलंडेल, हे त्यांच्याशिवाय मला लिहिताच आलं नसतं.

नाखव्याला मी राक्षस केलेला नाही. त्याच बगल्यात हस्तिदंत असे, लवंग असे. नैऋत्येचा वारा ऐन भरात यायच्या आत मस्कत गाठायचं, सावकाराचं देणं फेडायचं, या विवंचनेत तो असतो. तो मुळातच दुष्ट दाखवला तर वाचक सुटतो. त्याच्या हिशेबात मुलं आणि लवंगा एकाच पानावर येतात, मला तेच दाखवायचं आहे.

इंग्रजी आरमारानं बगला पकडला की साहसकथा बहुधा संपते. माझी तिथून निम्मी उरते. सोडवलेल्यांपैकी कित्येकांना मुंबईला उतरवत, त्यातली काही मुलं नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकत. जेकब वेनराइट तिथलाच, तोही याओ. मे 1873 मध्ये प्रवासी-संशोधक लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा अखेरची प्रार्थना त्यानं म्हटली. ते शव सोबत्यांनी कित्येक महिने चालत किनाऱ्याला आणलं, आणि एप्रिल 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला जेकब हजर होता. 1873 सालीच झांजिबारचा गुलामबाजार बंद झाला, आणि त्याच साली जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ आलं, अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना अर्पण केलेलं. शरणपूरहून पुणं काही फार लांब नाही. तरी त्या पुस्तकाची प्रत माझ्या मुलाच्या हाती ओढूनताणून द्यायची नाही, असं मी ठरवलंय.

शरणपुरात तो सुतारकाम शिकतो. वहीत त्याचं नवं नाव लिहितात, लोक त्याच नावानं हाक मारतात. निवेदनात मात्र शेवटच्या पानापर्यंत आईनं ठेवलेलं नावच राहील. दोन नावांनी वाचक गोंधळतील, असं कच्चा खर्डा वाचलेल्या मित्रानं सुचवलं. गोंधळू देत, पण ते नाव मी बदलणार नाही.