विजोड रंगांची सोयरीक

घराच्या भिंतींस कोणता रंग द्यावा, हा प्रश्न दिसावयास लहान. परंतु तो निघाला म्हणजे घरोघर एक छोटीशी सभाच भरते. अखेर बहुमत पडतें तें फिकट पिवळ्याकडे. कारण तो शेजाऱ्यांकडे आहे, आणि त्यास कोणी नांवें ठेवीत नाहीं. निळ्याशेजारीं नारिंगी किंवा जांभळ्याशेजारीं पिवळा, अशी गोष्ट कोणी काढलीच, तर 'विजोड दिसेल' एवढ्या दोन शब्दांत ती निकालांत निघते. हा विजोडपणा खरोखर रंगांत असतो कीं आपल्या संवयींत, याचा विचार विद्यार्थिमित्रांनीं व त्यांच्या पालकांनीं करावा, म्हणून हे चार शब्द.

भिंतीवर दोन गडद रंग एकत्र येऊं न देणाऱ्या घरांतलीच कपड्यांची पेटी उघडून पाहावी. हिरव्या लुगड्यास तांबडे काठ तींत हटकून सांपडतील. पैठणीची धूपछांव तर उभा धागा एका रंगाचा व आडवा दुसऱ्या रंगाचा घालूनच साधते. पदर हालला कीं रंग पालटतो. वस्त्रावर जें खुलतें, तें भिंतीवर एकाएकीं विजोड कां व्हावें? अजिंठ्याचीं लेणीं आमच्या मलकापुराहून फार दूर नाहींत. तेथील पांचव्या शतकांतील चित्रकारांजवळ गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना व काजळी एवढेंच साधें सामान होतें. निळा रंग मात्र अफगाणिस्तानाकडून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा. इतक्या दुरून आणिलेला तो निळा त्यांनीं मातीच्या तांबूस-पिवळ्या रंगांच्या संगतीस निःशंकपणें बसविला, आणि आज दीड हजार वर्षांनंतरही पाहणारा तेथें खिळून उभा राहतो.

यामागें शास्त्रही आहे. पॅरिस येथील गोबेलिन्स नामक विणकामाच्या प्रसिद्ध कारखान्यांत शेव्ह्रल हे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. तेथील काळा रंग निस्तेज उतरतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनीं शोध केला, तों काळा धागा निर्दोष ठरला. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळें तो तसा भासत होता. यांतूनच त्यांचा रंगविरोधावरील ग्रंथ १८३९ सालीं प्रसिद्ध झाला. तात्पर्य, रंगाचा गुण त्याच्या एकट्याच्या अंगीं नसतो. शेजार पाहून तो ठरतो.

याचा प्रत्यय आम्हांस घरींच आला. आमच्या मातोश्रींची दृष्टि वार्धक्यानें मंद झाली होती. वृद्धांच्या डोळ्यांतील भिंग पिवळसर होत जातें व फिकट रंगांतील भेद त्यांस नीट उमगत नाहीं. आमच्या मागील दारीं भिंत, चौकट आणि अंगणांत उतरणाऱ्या दोन पायऱ्या, सर्व एकाच फिकट रंगाचीं. मातोश्री तेथें थबकत, भिंत चांचपीत, आणि कोणी हात धरीपर्यंत उभ्या राहत. पुढें पुढें त्यांनीं अंगणांत जाणेंच सोडलें. आमच्या नववींतल्या कन्येनें सुचविलें, "चौकट गडद निळी करावी आणि पायऱ्यांच्या कडांस नारिंगी पट्टा द्यावा." रंगारी हंसून म्हणाला, "मास्तर, घर रंगवायचें कीं पोळ्याचा बैल?" तरी आम्हीं रंग देवविला. तो वाळल्यावर मातोश्री दाराशीं आल्या, निळ्या चौकटीवर त्यांनीं हात ठेविला, खालीं पाहिलें, आणि एकट्याच दोन्ही पायऱ्या उतरून जाईच्या वेलापाशीं गेल्या. "आतां दार दिसतें," एवढेंच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून ती चौकट आम्हांस विजोड वाटलेली नाहीं.

मात्र प्रयोग म्हणजे मनास येईल तसें फांसणें नव्हे. प्रथम हातभर पुठ्ठ्यावर दोन्ही रंग शेजारीं शेजारीं लावावे व तो पुठ्ठा त्याच भिंतीवर टांगावा. सकाळीं, भर दुपारीं आणि दिवा लागल्यावर असा तीन दिवस तो पाहावा. आमच्याकडील वैशाखाच्या उन्हांत जो निळा झगझगीत वाटतो, तोच पिवळ्या दिव्याखालीं मळकट दिसतो. चुन्यांत कालविलेला रंग ओला असतां गडद व वाळल्यावर बराच फिका होतो, म्हणून ओल्या रंगावरून निर्णय करूं नये. गेरू व पिवडी हे मातीचे रंग चुन्यांत टिकतात. सर्वच रंग टिकत नाहींत. आणि दोन बलवान् रंगांस समान वांटणी देऊं नये. एकास भिंत द्यावी, दुसऱ्यास चौकट, कोनाडा किंवा पट्टा. म्हणजे दोघांचेंही पटतें.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या दिवाळीस घरीं रंगाचें काम निघेल, तेव्हां वडिलांकडे सर्व घर मागूं नका. एक कोनाडा मागा. आणि पालकांस आमची विनंती एवढीच, कीं त्यांनीं तो द्यावा. न रुचल्यास वर चुन्याचा एक हात मारतां येतो. परंतु मूल त्यानिमित्तें तीन दिवस एक पुठ्ठा निरखून पाहावयास शिकेल, तें शिक्षण कोणत्याही चुन्यानें पुसलें जाणार नाहीं.