जिवंत मेंदूचे चित्र

झाशीस स्थायिक झालेल्या माझ्या थोरल्या बंधूंना कंपवात जडला, आणि साहित्याचा अभ्यासक असलेला मी डोपामिनविषयी वाचू लागलो. हे द्रव्य मेंदूत ज्यांना जाऊन बिलगते, त्या ग्राहींची गणना पूर्वी मृतांच्या मेंदूतच होई. १९८३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्री वॅग्नर स्वतःच पेट यंत्रात निजले. कार्बन-११ने अंकित केलेले द्रव्य शिरेतून गेले. त्या कार्बनचा किरणोत्सार वीस मिनिटांत निम्मा होतो, तरी जिवंत माणसाचे ग्राही प्रथमच चित्रात उमटले. मला भावते ते वॅग्नरांचे निजणे. निरीक्षकच निरीक्षणाचा विषय झाला. (समीक्षेत आम्ही सहसा हे धाडस करीत नाही.) बंधूंना मात्र मेंदूचे कसलेही चित्रण नको आहे, उरले किती ते कळले की झोप उडेल, म्हणतात. स्वस्थ बसले असता थरथरणारा त्यांचा हात गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ उचलताना स्थिरावतो.